कोण कुणाशी बोलतंय

"काका, बाप क्रुसावर मेला नाही. पुत्र मेला." मोनिका एवढंच म्हणाली, तेही हळू, चर्चच्या दारात चपला घालता घालता. बाकीची मंडळी अंगणात चहाच्या पातेल्याभोवती जमली होती म्हणून दुसऱ्या कुणाच्या कानावर गेलं नाही. ही मोनिका आमच्या दौंडच्या मंडळीत मुलांची संडे स्कूल घेते, कुरकुंभला एका औषध कंपनीत लॅबमध्ये आहे, चोवीस-पंचवीसची असेल. मी म्हटलं, "म्हणजे काय?" तर म्हणाली, "आज प्रार्थनेत तुम्ही म्हणालात ना, हे स्वर्गातल्या बापा, तू आमच्यासाठी क्रुसावर रक्त सांडलंस. तुम्ही नेहमीच तसं म्हणता. रागावू नका, काकूंचं ऑपरेशन आहे, प्रार्थना नीट पोचावी असं वाटलं, म्हणून बोलले." आणि ती चहाकडे गेली. मी तिथंच एका पायात चप्पल घालून उभा.

ओघात होतं असं, असं मी तिला म्हणायला हवं होतं, पण ते सुचलं स्कूटर चालू केल्यावर. कान गरम झाले होते. काल-परवाची पोरगी सत्यजीत ओहोळला शास्त्र शिकवतेय. दौंड स्टेशनच्या चौकशी खिडकीत सत्तावीस वर्षं बसलोय मी. गाडीचं नाव काढा, नंबर, फलाट, सुटायची वेळ, काही न बघता सांगतो. शास्त्राचंही तसंच. कुणी वचनाचा अर्धा तुकडा टाकायचा अवकाश, अध्याय आणि वचन माझ्या तोंडातून बाहेर. जिल्ह्याच्या मेळाव्यातला प्रश्नमंजुषेचा कप सलग सहा वर्षं आमच्या मंडळीकडे राहिला तो माझ्या जिवावर. सातव्या वर्षी मला परीक्षक करून टाकलं, बाकीच्यांना जरा संधी मिळावी म्हणून. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या, ते आमच्याकडे महिन्यातून दोनच रविवार येतात, उरलेल्या रविवारी उपासना मी चालवतो. हे सगळं मी रेल्वे कॉलनीच्या रस्त्यावर स्वतःलाच ऐकवत होतो, म्हणजे केवढं लागलं असेल बघा. आणि घराच्या फाटकाशी येईपर्यंत कळून चुकलं की पोरगी खरं बोलली. मी तसंच म्हणतो. किती वर्षं म्हणतोय ते आठवायला गेलो तर सुरुवातच सापडेना. एवढ्या वर्षांत कुणीच ऐकलं नाही, की सगळ्यांनी ऐकलं आणि मिठाची गुळणी धरली, यातलं वाईट कुठलं तेही ठरवता येईना.

माझ्या बायकोच्या, प्रतिभाच्या हृदयाची एक झडप खराब झालीय. ती गुरुवारी पुण्यात बदलायची आहे. डॉक्टरांनी छाती उघडण्याबद्दल इतक्या शांतपणे सांगितलं की तेव्हा भीती वाटली नाही, घरी येऊन तिच्या चहाच्या कपाचा बशीवर आवाज झाला तेव्हा वाटली. आमच्यात रोज दिवेलागणीला प्रार्थना असते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मी करतो आणि ती डोळे मिटून बसते, मध्येच उठून गॅस बारीक करून येते. तुमच्या प्रार्थनेत भात दोनदा होतो, असं ती आमच्या मुलाला, स्वराजला, माझ्यासमोर सांगते. त्या रविवारी संध्याकाळी मी डोळे मिटले, "हे स्वर्गातल्या बापा" म्हटलं आणि जीभ सवयीनं पुढच्या शब्दांकडे निघाली, तू आमच्यासाठी. तिथं मी गचकन थांबलो. मग "प्रभू येशू" म्हणायला गेलो, तर वाटलं आत्ता बापाला हाक मारली आणि लगेच दुसऱ्याकडे वळलो, हे काय खिडक्या बदलणं आहे? एवढी वर्षं मी डोळे मिटून बोलत होतो ते कुणाशी? समोर कोण आहे असं मला वाटत होतं? घसा बसलाय, म्हटलं. प्रतिभानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच दोन ओळींची प्रार्थना करून आमेन म्हटलं. नंतर ताटं घेताना म्हणाली, "आज राहू द्या. पण गुरुवारी मला आत न्यायच्या आधी तुम्हीच करायची हं. मला तुमचा आवाज ऐकून जायचंय." तिला भीती वाटते असं ती कधी म्हणत नाही.

सोमवारी खिडकीत बसलो खरा. लोक विचारत होते, सोलापूरची आली का, मनमाडची कुठल्या फलाटावर, आणि माझं तोंड उत्तरं देत होतं. आत दुसरंच चाललं होतं. त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, देव एकच. मी लहान मुलांना हे कितीदा शिकवलंय. पाणी, बर्फ, वाफ, पदार्थ एकच. मोठ्यांना सांगायचो ते जरा वेगळं: मी प्रतिभाचा नवरा, स्वराजचा बाप, रेल्वेचा नोकर, पण माणूस एकच ना? लोक माना डोलवायचे, मलाही आपलं बरं वाटायचं. आता खिडकीच्या जाळीतून बाहेरच्या रांगेकडे बघताना वाटलं, अरे, पण माझ्यातला नवरा माझ्यातल्या नोकराशी कधी बोलत नाही. बर्फ वाफेवर प्रेम करत नाही. आणि तिकडे बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीच्या पाण्यात पुत्र उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि वरून बाप म्हणतोय की हा माझा लाडका. तिघंही एकाच वेळी आहेत. एकच जण तीन सोंगं घेऊन आला म्हणावं तर हे सगळं खोटं पडतं, आणि तीन वेगळे म्हणावं तर देव तीन होतात. उपासनेच्या शेवटी आम्ही सगळे मिळून पुत्राची कृपा मागतो, बापाची प्रीती मागतो, आत्म्याची संगत मागतो. माझे ओठ ते बरोबर म्हणत होते आणि दहा मिनिटं आधी त्याच ओठांनी मी बापाला क्रुसावर चढवत होतो. "साहेब, झोपला का?" रांगेतला एकजण म्हणाला. मी त्याला फलाट सांगितला, बरोबर सांगितला, आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

जायचं कुणाकडे हा प्रश्नच नव्हता. पाळकसाहेबांनी मला पुस्तक दिलं असतं. मी शिरूरला पुतळामावशीकडे निघालो. पाटस, चौफुला, तिथं गाडी बदलून केडगाव, पारगावचा पूल, न्हावरा. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या मागं लावलेले, एसटी त्यांच्या मागं रखडत. खिडकीशी बसून मी मावशीबद्दल विचार करत होतो आणि मला लाज वाटत होती की सहा महिन्यांत गेलो नव्हतो. ती माझ्या आईची मोठी बहीण. आई मी तीन वर्षांचा असतानाच गेली आणि वडील मी अकरा वर्षांचा असताना. मग मला शिरूरला नेलं ते तिनं. मावशी बायबलबाई होती. गावोगाव पायी जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, तापाच्या गोळ्या द्यायच्या, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, असं ते काम. तिला स्वतःला अक्षर चाळिशीपर्यंत येत नव्हतं. तोवर जे होतं ते ऐकून पाठ केलेलं, आणि वाचता यायला लागलं तेव्हा तिनं पहिल्यांदा काय केलं, तर आपण पाठ केलेलं पुस्तकात तसंच आहे का ते तपासून घेतलं. तसंच होतं, म्हणते. आता दोन्ही डोळे गेलेत, तरी तिचं काही अडत नाही. तिला अध्याय विचारा, येत नाही. वचनाचा नंबर तर तिच्या लेखी नसतोच. पण कुठलंही वाक्य म्हणा, ती पहिल्यांदा विचारणार, कोण बोलतंय? कुणाशी? कुठं उभं राहून? गावात बायका जमल्या की आधी हेच वदवून घ्यायची आणि मगच गोष्ट सांगायची. मी लहानपणी तिच्याबरोबर जायचो तेव्हा मला ते फार कंटाळवाणं वाटायचं. सरळ वचन पाठ करून टाकावं, मोकळं व्हावं.

मावशी ओसरीवर बसली होती, मांडीवर सूप, सुपात मटकी, आणि बोटांनी चाचपून खडे बाजूला काढत होती. पायांच्या आवाजावरून ओळखलं. "कोण, सत्या? आज कसं काय? प्रतिभा बरी हाय न्हवं?"

"गुरुवारी ऑपरेशन आहे," मी म्हटलं. "मावशी, मला प्रार्थना करता येईना झालीय."

"बरं झालं," ती म्हणाली. "लई येत व्हती तुला."

मी तिच्याशेजारी बसलो आणि मोनिकाचं सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की ती दचकेल, निदान हात तरी थांबेल. ती मटकी निवडत राहिली. "पोरगी हुशार हाय," म्हणाली. "मला ठाऊक हाय तू तसं म्हनतोस ते. तिरेचाळीस वर्सं झाली."

तिरेचाळीस कुठून आणले हिनं? तर मावशी सांगायला लागली, आणि ती सांगत असताना मला दौंडची कबरस्तानाची जमीन दिसायला लागली, एका बाजूला घाणेरीची झुडपं, ओली माती आणि माझ्या वडिलांची शवपेटी. कावीळ झाली होती त्यांना, आठ दिवसांत गेले. आमच्यात मूठ-मूठ माती टाकून झाली की घरातल्या कुणीतरी दोन शब्द प्रार्थना करायची असते. घरातला म्हणजे मीच. "पाळकसायेब म्हनले, पोरा, बोल काय तरी," मावशी म्हणाली. "तू खड्ड्यात बघितलंस आन् म्हनलास, हे बापा, तू मेलास. आमच्यासाठी काम करू करू मेलास. मानसं रडाय लागली. पाळकसायबांनी मान वर केली, त्यांना वाटलं पोरगं देवाला म्हनतंय. ते तुला सांगाय लागले तवा मीच त्यांचा हात धरला. तू देवाशी बोलतच नव्हतास. खाली बघून बोलत व्हतास."

खाली बघून बोलत होतो, हे मला आठवत नव्हतं. माती आठवत होती, आवाज आठवत होता, आणि लोक रडले हे चांगलंच आठवत होतं. लोक रडले म्हणूनच ते वाक्य राहिलं असणार. नंतर मी युवक संघात प्रार्थना करायला लागलो, त्यात क्रूस आला, रक्त आलं, आवाजाला चढ-उतार आले, पण खालचं मूळ वाक्य तेच, हे बापा, तू मेलास. म्हणजे एवढी वर्षं मी माइकसमोर उभा राहून एका पेटीत बघत होतो. मंडळी आमेन म्हणत होती. "मग तू दुरुस्त का नाही केलंस?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कोण कुणाशी बोलतंय ते बघावं आधी. तू तुझ्या बापाशी बोलत व्हतास. त्यात मी काय दुरुस्त करू?"

"तेव्हाचं सोड. नंतर?"

"नंतर म्हनलं, पोरगं वाचतंय, घावंल त्याचं त्याला." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "तर तू नंबर वाचत बसलास."

कप, मेळावा, परीक्षकाची खुर्ची, सगळं त्या एका वाक्यात निकालात निघालं आणि गंमत म्हणजे मला राग आला नाही. तिच्या तोंडून आलं म्हणून असेल. दुसऱ्या कुणाला तिरेचाळीस वर्षं एक चूक दिसत राहिली असती तर त्यानं ती चारचौघांत दहादा काढली असती, मी तर नक्कीच काढली असती. हिला अख्खं शास्त्र येतं आणि कुणाला कधी ऐकवायचं नाही तेही येतं. मी तिच्या हातांकडे बघत होतो, नखं जाड पिवळी झालेली, बोटं वाकडी, आणि खडा मात्र एक सुटत नव्हता.

"आता ऐक," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच सूप खाली ठेवलं. "बाप मेला असता तर पुत्राला थडग्यातनं उठवलं कुनी?"

माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही.

"तुझा बाप मेला, सत्या. लई चांगला मानूस, पर मेला. वरचा त्यो मेला न्हाई. पुत्र क्रुसावर हाक मारत व्हता तवा त्यो जिता व्हता, ऐकत व्हता. मेलेल्याला हाक मारून काय व्हतंय? ऐकनारा मागं उरला म्हनून तर तिसऱ्या दिशी कबर उघडली. दोघांस्नी येगळं ठेव. एकात एक कालवू नगंस."

मी चोपन्न वर्षांचा माणूस, भर दुपारी ओसरीवर बसून रडलो. समोरच्या घरातली बाई पाण्याचा हंडा घेऊन आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही, नुसती बसून राहिली. मला वडिलांसाठी रडू येत होतं की दुसऱ्यासाठी, कळत नव्हतं. बाप या शब्दाला मला कायम एक वास होता, ओल्या मातीचा, आणि तो वास देवाला चिकटलेला मला कधी कळलाच नव्हता. एवढी वचनं पाठ, आणि मी मेलेल्या माणसाशी बोलतात तसं देवाशी बोलत होतो, आवाज चढवून, खूप वेळ, उत्तराची वाट न बघता.

"पण गुरुवारी मी काय म्हणू?" मी शेवटी विचारलं. "तिला माझा आवाज ऐकायचाय. मला एक शब्द फुटत नाही."

"एकट्यानं म्हनायचंय असं कुनी सांगितलं तुला? पौलानं चिठ्ठीत काय लिवलंय? आपल्याला मागता येत न्हाई तवा आत्मा आपल्या आतनं कण्हतो, शब्द नसलेलं कण्हतो. आन् पुत्र बापाच्या उजव्या अंगाला बसून आपली बाजू मांडतो. ही दोन्ही जवळजवळच हायेत न्हवं?"

"रोमकरांस पत्र, आठवा अध्याय," माझ्या तोंडातून सवयीनं गेलं. "सव्वीस आणि चौतीस."

"असंल. मधी किती वळी हायेत?"

सात. मी दोन्ही वचनं शेकडो वेळा म्हटली होती, मेळाव्यात दोन वेगवेगळे प्रश्न म्हणून विचारलीही होती, प्रत्येकी पाच गुण. ती एकाच श्वासात कधी वाचली नव्हती. मावशी बोटांवर सांगत होती, तीन बोटं, एकेक वाकवून: "आत्मा तुझ्या आतनं बोलतोय. पुत्र तिथनं बोलतोय. बाप ऐकतोय. देव देवाशी बोलतोय, सत्या, जग झालं नव्हतं तवापासनं बोलतोय, आन् आता तुला मांडीवर घेऊन बसलेत. घरात मोठी मानसं बोलत बसत्यात आन् लेकराला मांडीवर घेत्यात, तसं. लेकराला समदं कळतंय व्हय? त्यांची तीन दैवतं केलीस तर ती आपापल्या घरी. तिघांचं एक गाठोडं केलंस तर त्यात बोलनं न्हाई. दोन्हीत तुला बसाय जागा न्हाई."

मला मोठमोठी पुस्तकं माहीत आहेत, पाळकसाहेबांच्या कपाटात आहेत. असतील त्यात याहून बारीक गोष्टी. पण मला जे कोडं वाटत होतं, सोडवून बाजूला ठेवायचं गणित वाटत होतं, ते ही बाई राहत्या घरासारखं सांगत होती, कुणाचा पाट कुठं ते माहीत असल्यासारखं. ती हे कुठून शिकली म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोन कुनाशी बोलतंय ते ऐकत गेले, बास." आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. निघताना मी तिच्या पायाशी वाकलो नाही, आमच्यात तशी पद्धत नाही, पण आज वाकावंसं वाटलं खरं. त्याऐवजी हात धरला आणि जे विचारायचं नव्हतं ते विचारून बसलो. "मावशी, प्रतिभा वाचेल ना?"

"ते मला ठाऊक न्हाई," म्हणाली. "शास्त्रात न्हाई ते मी सांगत न्हाई."

दुसऱ्या कुणीही तेव्हा काहीतरी गोड सांगितलं असतं, आणि मी ते मानलंही असतं. परतीच्या एसटीत मला उलट वाटत राहिलं की जिनं एवढं सांगितलं नाही, तिनं जे सांगितलं ते पक्कं आहे.

गुरुवारी सकाळी सातला सिस्टर आल्या. प्रतिभाला हिरवा गाउन घातलेला, केस टोपीत कोंबलेले, बांगड्या काढून स्वराजकडे दिलेल्या. बांगड्या नसलेला तिचा हात मी कधी पाहिला नव्हता, लहान मुलीचा असतो तसा दिसत होता. स्वराज दाराशी उभा. "दोन मिनिटं हं," सिस्टर म्हणाल्या. प्रतिभानं डोळे मिटले आणि वाट बघायला लागली. आदल्या दिवसभर मी शब्द जुळवले होते, बापाला काय म्हणायचं, कुणाच्या नावानं मागायचं, सगळं बरोबर, मोनिकानं शंभर गुण दिले असते. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. "बापा," मी म्हटलं, आणि माझी नजर खाली गेली नाही, एवढं मला जाणवलं. कुणीतरी ऐकतंय. जिवंत आहे आणि ऐकतंय. त्यापुढे जुळवलेल्यातलं काही म्हणजे काही आलं नाही. घशातून एक आवाज आला, कण्हल्यासारखा, मला आवरता न आलेला, शेजारच्या कॉटवरच्या बाईनं मान वळवून पाहावं असा. तो माझा होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी त्याला अडवलं नाही. तो किती वेळ चालला तेही माहीत नाही, सिस्टरांनी मध्ये एकदा घड्याळात पाहिलं आणि मग त्याही खाली मान घालून उभ्या राहिल्या. मग तो थांबला. मी अजून एकही धड वाक्य बोललो नव्हतो आणि वेळ संपली होती.

प्रतिभानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. "ऐकलं," ती म्हणाली. "आमेन." मग सिस्टरांकडे वळून म्हणाली, "न्या आता."